पहिल्या दहांत बसलेले तेरा

नोव्हेंबर निम्मा सरला की काही माणसं एकाएकी जबाबदार दिसू लागतात. सिग्नलला थांबली की ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटतात. जेवताना घास हातात धरून 'छे, चौथा नाही, सहावाच' असं म्हणतात आणि पुन्हा आमटीत भाकरी कुस्करू लागतात. घरच्यांना वाटतं, शेअर बाजारात काहीतरी अडकलं असावं. तसं काही नसतं. त्यांची त्या वर्षीच्या सर्वोत्तम दहा आल्बमची यादी चाललेली असते. ही यादी त्यांच्याकडे कुणीही मागितलेली नसते आणि पूर्ण झाल्यावर कुणी वाचणारही नसतं. मी त्यांच्यातलाच एक.

ज्यांना चारचौघांसारखी गाणी आवडतात त्यांना असली यादी करावी लागत नाही. त्यांची गाणी त्यांना शोधत येतात: रिक्षात, वरातीत, शेजारच्या गच्चीवरून, बँकेने फोन होल्डवर ठेवला की त्या फोनमधून. आमची गाणी आम्हालाच हुडकत जावी लागतात. शूगेझ, पोस्ट-पंक, स्लोकोअर, ड्रोन, डन्जन सिंथ अशा बोळाबोळांतून वर्षभर हिंडावं, तेव्हा कुठे दहा-बारा आल्बम हाती लागतात. आणि एखादा लागला की मनात एकदम दोन इच्छा उठतात. हा आल्बम जगातल्या यच्चयावत माणसांनी ऐकावा ही एक, आणि तो माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नसावा ही दुसरी. वर्षअखेरची यादी ही या दोघींमधली तडजोड.

या बोळांच्या नावांबद्दलही थोडं सांगायला हवं. शूगेझवाले मान खाली घालून पायांपाशी मांडलेल्या इफेक्ट पेडलांकडे बघत वाजवायचे, म्हणून ब्रिटिश पत्रकारांनी त्यांना टिंगलीने हे नाव ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. नव्वदच्या दशकात काही ब्लॅक मेटलवाल्यांनी गिटार बाजूला ठेवून स्वस्तातल्या कीबोर्डवर भुयारं, बुरूज आणि मशाली उभ्या करायला घेतल्या, तेव्हा डन्जन सिंथ जन्माला आलं. गंमत अशी की ज्या बोळात जो राहतो त्याला तो पत्ता मान्य नसतो. द क्युअरच्या रॉबर्ट स्मिथला 'गॉथ' म्हटलेलं खपत नाही. काळे कपडे, पिंजारलेले केस आणि फासलेली लिपस्टिक अशा अवतारात तो हे कित्येक वर्षं सांगतो आहे. ग्रॅमीवाल्यांनी १९९१ साली 'अल्टरनेटिव्ह'साठी वेगळं बक्षीस काढलं. पहिलंवहिलं बक्षीस शिनेड ओ'कॉनरला जाहीर झालं आणि तिने ते घ्यायला नकार दिला. आमच्या एकूण जमातीचा स्वभाव कळायला एवढं पुरे.

पूर्वी यादी सोपी होती. काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस होतं (ते २०१६ साली बंद झालं), तिथे ऐकायच्या बूथमध्ये उभं राहून कॅसेटी निवडायच्या, आणि खिशाकडे बघून निम्म्या परत ठेवायच्या. वर्षाकाठी सहा परवडायच्या, त्यामुळे पहिल्या दहांत सहाच असायचे. भांडण कसलं म्हणून नाही. आता महिन्याच्या एका वर्गणीत जगातलं जवळजवळ सगळं संगीत मिळतं आणि रात्रीची झोप जाते.

हा छंद पोरकट वाटत असेल त्यांनी न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'कडे बघावं. रॉबर्ट क्रिस्टगाउ हे तिथले समीक्षक. सत्तरच्या दशकापासून त्यांनी समीक्षकांची 'पॅझ अँड जॉप' नावाची मतमोजणी चालवली. प्रत्येकाला १०० गुण. ते दहा आल्बमांत वाटायचे. एकाला ३० पेक्षा जास्त द्यायचे नाहीत आणि ५ पेक्षा कमीही नाहीत. आमच्याकडे सख्ख्या भावांच्या वाटण्या इतक्या न्यायाने झालेल्या मी पाहिलेल्या नाहीत.

अर्थात गुण वाटले की निकाल बरोबर येतो असं नाही. १९९१ साली निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आला, माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा 'लव्हलेस' आला, आणि 'स्पिन' मासिकाने वर्षातला सर्वोत्तम म्हणून टीनएज फॅनक्लबचा 'बँडवॅगनेस्क' निवडला. तेव्हापासून लोक त्या निवडीला हसताहेत. मी हसत नाही. आल्बम गोड आहे, आणि त्या डिसेंबरात संपादकांना जे आवडलं ते त्यांनी निमूट लिहून टाकलं. पुढे इतिहास काय म्हणेल असा हिशेब करून जो यादी करतो तो फंडात पैसे गुंतवतो, गाणी ऐकत नाही.

खरी पंचाईत तारखांची. याद्या आताशा नोव्हेंबर संपायच्या आत तयार असतात. डिअँजेलो जवळजवळ पंधरा वर्षं गप्प होता आणि २०१४ च्या १५ डिसेंबरला त्याने 'ब्लॅक मेसायाह' बाहेर काढला. तोवर बहुतेक यादीवाले हात धुऊन मोकळे झालेले. पंधरा वर्षं थांबवलंच होतं, तर आणखी पंधरा दिवस थांबून जानेवारीत काढायला काय झालं होतं? 'व्हिलेज व्हॉइस'चा निकाल जानेवारीत लागायचा, म्हणून तिथे मात्र तो पहिला आला. याहून भारी गोष्ट द क्लॅशची. त्यांचा 'लंडन कॉलिंग' ब्रिटनमध्ये डिसेंबर १९७९ ला आला आणि अमेरिकेत जानेवारी १९८० ला. पुढे 'रोलिंग स्टोन'ने ऐंशीच्या दशकातला सर्वोत्तम आल्बम म्हणून त्यालाच माळ घातली. लोक याचं नवल करतात. आमच्या शाळेत निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला यायचा, त्यामुळे मला यात विशेष काही वाटत नाही.

२०२४ साली मात्र पहिल्या क्रमांकाचा निकाल मार्च संपतानाच लागला. सिंडी लीचा 'डायमंड ज्युबिली' आला. सिंडी ली हे कॅनडातल्या पॅट्रिक फ्लेगलने धारण केलेलं रूप: विग, झगा, आणि साठच्या दशकातल्या मुलींच्या गाण्यांनी झपाटलेली गिटार. बत्तीस गाणी, दोन तासांहून किंचित जास्त. आणि हा आल्बम वर्गणीवाल्या कुठल्याही ॲपवर नव्हता. यूट्यूबवर दोन तासांचा एक अखंड व्हिडिओ होता, किंवा मग जिओसिटीजच्या थाटातलं एक पान, जिथून फाइली उतरवून घ्यायच्या आणि मनात आलं तर ३० कॅनेडियन डॉलर पाठवायचे. जिओसिटीज म्हणजे काय ते आठवायला वय चाळिशीच्या पुढे लागतं. नव्वदच्या दशकात लोक तिथे मांजरांचे फोटो आणि लुकलुकणाऱ्या पणत्या लावत असत.

'पिचफोर्क'ने त्याला ९.१ गुण दिले आणि आमच्या जमातीत तात्काळ दोन वर्ण पडले: फाइली उतरवून ऐकणारे आणि यूट्यूबवर भागवणारे. पहिल्या वर्णाची माणसं बोलता बोलता 'डब्ल्यूएव्ही' असा शब्द टाकत आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत. आल्बम खरोखर अद्भुत आहे. मध्यरात्री रेडिओची सुई दोन स्टेशनांच्या मधे अडकावी आणि तिथेच सगळ्यात चांगलं गाणं लागलेलं असावं, तसा. दुसऱ्या तासात जरा रेंगाळतो, हे मी इथे लिहितो. यादीत लिहिणार नाही. इतक्या खटाटोपाने मिळवलेली वस्तू दुसऱ्या क्रमांकावर ठेवायची म्हणजे आपल्याच कष्टांचा अपमान.

द क्युअरचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' आला १ नोव्हेंबरला. सोळा वर्षांनी आलेला आल्बम, सगळा मृत्यूचा, वार्धक्याचा आणि जग विझत चालल्याचा, आणि आला तो नेमका लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. आई झेंडूचे हार ओवत होती. मी पहिलं गाणं लावलं. 'अलोन' हे ते गाणं, आणि त्यात तीन मिनिटं उलटून गेली तरी गाणाऱ्याचा पत्ता नसतो.

"गायक आलेला नाही का रे अजून?"

"येईल गं."

"बिदागीचं काही राहिलं असेल."

मग तो आला. आईला इंग्रजी उत्तम कळतं. दोन ओळी ऐकून ती म्हणाली, "लक्ष्मी यायच्या वेळेला हे नको," आणि तिने आवाज कमी केला. बंद केला नाही, याची नोंद घ्यावी. शेवटचं 'एन्डसाँग' दहा मिनिटांचं आहे आणि तिथे तर स्मिथ सहा मिनिटांनंतर तोंड उघडतो. तोवर पूजा आटोपून लाह्या-बत्तासे वाटून झाले होते. आई सवाई गंधर्वला डिसेंबरच्या थंडीत शाल गुंडाळून बसणारी. थांबण्याचा तिला कंटाळा नाही. तिचं म्हणणं एवढंच, की आलापी सगळी वाद्यांनीच उरकली असेल, तर गायकाने आल्यावर निदान द्रुत तरी घ्यावी. विलायती समीक्षकांनी या आल्बमवर भरभरून लिहिलं, पण हा मुद्दा कुणाला सुचलेला मला दिसला नाही.

बेथ गिबन्सचं 'लाइव्ह्ज आउटग्रोन' मे महिन्यात आलं. तिच्या पोर्टिसहेडचा 'डमी' १९९४ चा. त्यातला तो कापरा आवाज ऐकून ज्यांनी तरुणपणी विनाकारण दुःखी व्हायला सुरुवात केली, त्यांच्याकडे आता दुःखी व्हायला सकारण कारणं आहेत, आणि ती सगळी या आल्बममध्ये आहेत: गेलेली माणसं, बदलत चाललेलं शरीर, हातून निसटलेली वर्षं. तालवाद्यांवर टॉक टॉकचा ली हॅरिस. नेहमीच्या ड्रमचा आवाज नको म्हणून इथे पाएला शिजवायची परात, टपरवेअरचे डबे, लाकडी खण असलं काय काय बडवलेलं आहे. हे मी कौतुकाने घरात सांगून बसलो. आता भाचा सुट्टीला आला की कुकरच्या झाकणावर डाव आपटतो, आणि त्याला दटावण्याचा नैतिक अधिकार माझ्याकडे उरलेला नाही. आल्बम तिसरा.

सोनिक यूथची किम गॉर्डन सत्तर वर्षांची असताना तिने 'द कलेक्टिव्ह' काढला. त्यातल्या 'बाय बाय'मध्ये ती प्रवासाला न्यायच्या सामानाची यादी वाचते. खाली ट्रॅपचा जाडजूड ठोका, मागे करवतीने पत्रा कापावा तशी गिटार, आणि वर थंड आवाजात एकेक वस्तू. मी बायकोला समजावून सांगितलं की इथे रोजचं कंटाळवाणं जगणं हीच कविता झाली आहे. तिने शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं.

"लाडू-चिवडा काहीच घेतलं नाही का हिने?"

कोकणात जाताना आमच्या घरात जी यादी होते ती बायको करते. ती कधी कुणी ध्वनिमुद्रित केली नाही, पण ठोका तोच असतो. असो. यादीचंच गाणं यादीत न घेणं मला शोभलं नसतं, ते पाचवं.

ब्लड इन्कॅन्टेशन हा डेन्व्हरचा डेथ मेटल बँड. या प्रांतात माझा मार्गदर्शक म्हणजे आमचा मेटलवाला मित्र. उन्हाळ्यातही काळाच टी-शर्ट घालतो, एरवी सज्जन, सोसायटीचा खजिनदार. डेथ मेटलच्या वेष्टनावर बँडचं नाव असतं, पण ते वाचता आलं तर बँड कच्चा समजावा, हा पहिला धडा त्याचाच. या बँडचा 'ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर' म्हणजे दोनच गाणी, प्रत्येकी तीन 'शिळा'. ध्वनिमुद्रण बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत झालं, जिथे बोवीचा 'हीरोज' झाला होता. घनघोर गुरगुरणं चालू असताना मधेच सगळं थांबतं आणि सिंथेसायझरच्या लाटांवर आपण अंतराळात तरंगू लागतो; टँजरीन ड्रीमचा एक वादक त्यासाठी मुद्दाम बोलावलेला आहे. मी भारावून गेलो आणि मित्राला फोन केला.

"तुला आवडला?" त्याचा आवाज पडलेला. "मग त्यांचं काहीतरी बिनसलंय."

आरूज आफ़ताबच्या 'नाइट रेन'बद्दल मात्र मी कुणाशी थट्टा करत नाही. ही पाकिस्तानी वंशाची, ब्रुकलिनची गायिका. 'ना गुल'साठी तिने माह लक़ा बाई चंदाची ग़ज़ल घेतली आहे. ही अठराव्या शतकातली दक्खनी शायरा, हैदराबादच्या दरबारात मानाने राहिलेली, आणि जन्माची औरंगाबादची. म्हणजे आपल्याच मराठवाड्यात जन्मलेल्या बाईचे शब्द न्यूयॉर्कमार्गे हेडफोनवर पोचले. ग्रॅमीवाल्यांना हा आल्बम कुठे ठेवावा कळेना, म्हणून त्यांनी तो 'अल्टरनेटिव्ह जॅझ'च्या नामांकनांत घातला. होय, असाही एक रकाना आता आहे.

आणि मग तो पोपटी चौकोन. चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट' जूनमध्ये आला. वेष्टनावर चित्र नाही, फोटो नाही, चार इंग्रजी अक्षरं. उन्हाळाभर तो इतका गाजला की कॉलिन्स शब्दकोशाने 'ब्रॅट' हाच वर्षाचा शब्द ठरवला. म्हणजे तो भाचीलाही ठाऊक, जिममधल्या मुलालाही ठाऊक, कदाचित बँकेच्या होल्डवरही येईल. आणि तो मला मनापासून आवडला. आमच्या जमातीत याहून नाजूक प्रसंग नाही. दहांतून वगळावा तर खोटेपणा, वर ठेवावा तर अब्रू. अशांसाठी परंपरेने आठवा क्रमांक राखून ठेवलेला आहे. आठव्याला 'माझा आवाका मोठा आहे' असं नुसतं सुचवता येतं.

कारण क्रमांकांना आपापला धर्म असतो. पहिला कष्टाचा. दुसरा धाकाचा, तिथे मी ब्लड इन्कॅन्टेशन ठेवला, मित्राला चिडवायलाही आणि पाहुण्यांना दचकवायलाही. तिसरा आदराचा. सातवा सर्वमान्याचा: ज्याला कुणी नाही म्हणणार नाही आणि ज्यावरून कुणी भांडणारही नाही असा, म्हणून तिथे द क्युअर. आणि खरोखर आवडलेले चार ते सहाच्या गर्दीत दडवलेले असतात. जेसिका प्रॅटचा 'हिअर इन द पिच' चौथा आहे. वर्षभरात मी सगळ्यात जास्त ऐकला असेल तर तोच. नऊ गाणी, सत्तावीस मिनिटं; कणीक मळण्यापासून शेवटच्या पोळीपर्यंत बरोबर पुरतो. हळू, धुकट, आणि एक सूर जास्तीचा नाही. न्यायाने पहिला. पण सत्तावीस मिनिटांच्या आल्बमला पहिला क्रमांक दिला, तर उरलेलं वर्ष काय करत होतास असं लोक विचारतील.

नवव्या क्रमांकाचं काही केल्या जमेना. माउंट ईरीचा 'नाइट पॅलेस' आहे: सव्वीस गाणी, वारा, धुकं आणि अधूनमधून बर्फ कोसळल्यासारखा आवाज. ओक्लाहोमाच्या चॅट पाइलचा 'कूल वर्ल्ड' आहे. त्यांचं नाव तिथल्या शिसं-जस्ताच्या खाणींतून उपसून रचलेल्या विषारी ढिगाऱ्यांवरून आलंय, आणि संगीतही त्याच ढिगाऱ्यांतून उपसलेलं वाटतं. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 'बीटा' आहे, आणि आपल्याकडच्यांना कोपऱ्यात उभं करून परदेश्यांना बाकावर बसवणं माझ्याच्याने होईना. शिवाय निक केव्हचा 'वाइल्ड गॉड'. शेवटी विरार लोकलचा न्याय लावला. तिघांच्या बाकावर चौथा अर्धा लोंबकळत का होईना, बसतोच; फक्त कुणीतरी 'जरा सरकून घ्या' म्हणावं लागतं. नवव्यावर चौघे बसले. दहावा कोणता ते मी सांगणार नाही. दहावा न सांगण्यासाठीच असतो.

डिसेंबरच्या एका रविवारी मी आणि मेटलवाला मित्र कॅम्पातल्या इराण्याकडे बन-मस्का घेऊन बसलो आणि याद्या बदलल्या. त्याच्या दहांत एक स्वीडनचा, दोन नॉर्वेचे, एक चिलीचा. नावं उच्चारताना घशाला पडलेली कोरड चहाने घालवावी लागत होती. माझी वाचताना त्याने 'ब्रॅट'पाशी भुवई उचलली आणि सभ्यपणे खाली ठेवली. 'डायमंड ज्युबिली'बद्दल त्याने विचारलं, "यूट्यूबवर ऐकलास?" मी म्हटलं, "डब्ल्यूएव्ही." तो गप्प झाला. ब्लड इन्कॅन्टेशन त्याच्या यादीत नव्हताच. मला आवडल्याचं कळल्यावर त्याने तो त्याच रात्री काढला होता.

मग आम्ही दोघे एकदमच सातव्या ओळीवर पोचलो. त्याच्याही सातव्यावर द क्युअर.

"तुझ्याकडे पण?" तो म्हणाला.

"तू मेटलवाला ना?"

"पण शेवटचं गाणं ऐकलंस का तू? ती गिटार?" आणि पुढची पाच मिनिटं आम्ही दोघे, गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, एकाच आल्बमबद्दल एकच मत उत्साहाने बोलत होतो. त्याने आईचा द्रुतीचा मुद्दासुद्धा मान्य केला. मग दोघांच्याही लक्षात आलं, आणि दोघेही ओशाळलो. त्याने खिशातून पेन काढलं, आपल्या यादीतली सातवी ओळ खोडली आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मीही खोडली.

सातवी जागा रिकामी झाली, तसे नवव्यावरचे चौघेही एकदम उठले.